रेफ्रीला गुण कशावर द्यायचे? एका चुकीवर की अख्ख्या सामन्यावर?

ऑफसाइड_अप्पा (धागाकर्ता)

दर वीकेंडनंतर तेच दळण सुरू होतं: फुटबॉलच्या रेफ्रींचा दर्जा रसातळाला गेला. इंग्लंडची प्रीमियर लीग घ्या नाहीतर आपली आयएसएल (इंडियन सुपर लीग), रड तीच. मला हे पटत नाही. रेफ्री पूर्वीपेक्षा वाईट झालेले नाहीत, त्यांना मोजायची आपली पट्टी वाकडी झाली आहे. सामनाभर रेफ्री सतत काहीतरी ठरवत असतो. शिट्टी न वाजवणं हाही निर्णयच. त्यातला एक आपण उचलतो, स्लो मोशनमध्ये दहादा बघतो आणि त्यावरून माणसाची लायकी काढतो.

२०१० च्या वर्ल्डकपमध्ये लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीच्या गोलमध्ये रेषेच्या चांगला आत पडला, स्टेडियमभर दिसला, रेफ्री आणि लाइन्समनला दिसला नाही. ती खरीखुरी चूक. तिच्यानंतर दोन वर्षांत गोललाइन तंत्रज्ञानाला मंजुरी मिळाली आणि तो वाद जवळपास संपला. आता उरलेत ते वाद मशीनने सुटणारे नाहीत. हात अंगापासून लांब होता तो तोल सावरायला की चेंडू अडवायला? कोपर लागलं की मारलं? एकाच स्टुडिओत बसलेले दोन माजी खेळाडू यावर भांडतात, आणि रेफ्रीने मात्र दोन सेकंदांत 'बरोबर' उत्तर द्यायचं!

२०२४ मध्ये प्रीमियर लीगच्या वुल्व्ह्ज क्लबने व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करणारी व्यवस्था, काढून टाकायचा ठराव आणला. तेव्हा लीगने आकडा दिला होता: व्हीएआरपूर्वी महत्त्वाचे ८२ टक्के निर्णय बरोबर असायचे, आता ९६ टक्के. मतदान झालं १९ विरुद्ध १, व्हीएआर ठेवण्याच्या बाजूने. सोशल मीडियावर शिव्या घालणारे हेच क्लब मतदानाला बसले की शहाण्यासारखे वागतात. बोला.

लिव्हरपूलवाला_नाना

अप्पा, ९६ टक्के कोणी मोजले ते पण सांगा की. पाच जणांचं पॅनेल असतं. त्यात एक माणूस लीगचा, एक रेफ्रींच्या संस्थेचा, म्हणजे पीजीएमओएलचा. परीक्षेला बसलेल्यांचा प्रतिनिधी पेपर तपासायला!

आणि उरलेले चार टक्के कसे असतात ते आम्ही भोगलंय. ३० सप्टेंबर २०२३, स्पर्सचं मैदान, आपल्याकडे शनिवारी रात्री दहाची मॅच. ०-० चालू, आमचा एक आधीच लाल कार्डवर बाहेर. आमच्या डियासने गोल मारला, लाइन्समनचा झेंडा वर, म्हणजे ऑफसाइड, गोल रद्द. व्हीएआरच्या खोलीत डॅरेन इंग्लंड तपासायला बसले, डियास ऑनसाइड निघाला. पण त्यांची समजूत अशी की मैदानावर गोल दिलेलाच आहे. म्हणून म्हणाले, 'चेक कम्प्लीट'. मैदानावरच्या रेफ्रीने ऐकलं ते असं की ऑफसाइड कायम. स्पर्सने फ्री किक घेऊन टाकली. मग रिप्ले चालवणाऱ्या माणसाची ट्यूब पेटली, खोलीत एकच गोंधळ, आणि शेवटी निष्कर्ष काय, तर खेळ सुरू झालाय, आता काही करता येत नाही. इंज्युरी टाइममध्ये मातिपचा स्वतःच्याच गोलमध्ये गोल. २-१. त्याच रात्री संस्थेने मान्य केलं की मोठी मानवी चूक झाली.

यात हँडबॉलसारखी शंकेला जागा कुठे होती? रेषा बरोबर, मशीन बरोबर, उत्तर बरोबर. बिघडलं ते दोन माणसांचं बोलणं. आणि हे दोघं व्हीएआरवाले दोनच दिवस आधी युएईत मॅच करून परतले होते. विमानातून उतरायचं आणि थेट पडद्यासमोर बसायचं, याला व्यावसायिक दर्जा म्हणायचं का?

शिट्टीवाला

मी जिल्हा पातळीवर मॅचेस करतो, त्यामुळे माझा कल कुणीकडे ते उघड आहे.

नाना, पॅनेलमधल्या दोघांबद्दल सांगितलंत, उरलेल्या तिघांना का वगळलं? ते माजी खेळाडू नाहीतर कोच असतात. म्हणजे बहुमत त्यांचंच.

रेफ्रींना कोणी विचारत नाही, हा तर भ्रमच आहे. युएफाच्या (युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या) सामन्यात स्टँडमध्ये एक निरीक्षक बसलेला असतो. दहापैकी गुण देतो, सामना किती अवघड होता तेही लिहितो. सगळं ठीक पार पडलं की ८.४. बाकी मॅच उत्तम, पण एकच मोठी आणि स्पष्ट चूक झाली, की ७.९. म्हणजे पेनल्टीचा एक निर्णय चुकला की तुमच्या उरलेल्या सगळ्या मेहनतीची किंमत आठच्या खाली. पुढच्या मोठ्या नेमणुका कोणाला मिळणार ते या आकड्यांवर बरंच ठरतं. अप्पा, तुम्ही जी तक्रार पब्लिकबद्दल करताय ती मुळात यंत्रणेतच आहे. एका चुकीवरून अख्खा माणूस मोजायची पद्धत प्रेक्षकांनी शोधलेली नाही.

आणि रेफ्रींना शिक्षा होत नाही असं कोणाला वाटतं? फेब्रुवारी २०२३, आर्सेनल-ब्रेंटफर्ड. ब्रेंटफर्डच्या टोनीच्या गोलच्या वेळी व्हीएआरवर बसलेल्या ली मेसननी ऑफसाइडची रेषाच आखली नाही. त्याच महिन्यात मेसन आणि पीजीएमओएल वेगळे झाले. नोकरी गेली हो माणसाची.

सदाशिवपेठी_गनर

मेसन गेले, आमच्या आर्सेनलचे दोन गुण आले का परत? १-१ च राहिलं ना?

ऑफसाइड_अप्पा

गनर, त्या सीझनला तुम्ही शेवटी मँचेस्टर सिटीच्या पाच गुण मागे होतात. मेसननी रेषा आखली असती तरी तीन गुणांचं अंतर राहिलंच असतं.

सदाशिवपेठी_गनर

हा हिशोब मे महिन्यात करता येतो हो. फेब्रुवारीत आम्ही पहिल्या नंबरवर होतो. तेव्हा गेलेल्या दोन गुणांनी ड्रेसिंग रूममध्ये काय होतं ते टेबलात दिसत नाही.

अंधेरी_वेस्ट_स्टँड

तुम्ही सगळे चूक की बरोबर एवढंच मोजताय. मी दुसरं सांगतो.

२० डिसेंबर २०२३, मुंबई सिटी विरुद्ध मोहन बागान, आपल्या अंधेरीच्या मैदानावर. आम्ही २-१ जिंकलो. पण लोकांना काय आठवतं? सात लाल कार्डं! त्यातली काही तर शेवटची शिट्टी झाल्यावर. सुटं सुटं बघितलं तर यातल्या बऱ्याच कार्डांवर नियमपुस्तकाचं बोट ठेवता येईल. तुमच्या टक्केवारीत ही मॅच कदाचित ९० च्या वर बसेल. पण स्टँडमधून आम्हाला दिसत होतं की मॅच सुरुवातीपासूनच रेफ्रीच्या हातातून सुटत चाललीय. एक फाऊल झाला की दोन्हीकडचे पाच-सहा जण गोळा होणार, रेफ्री मधे, प्रत्येकाचं बोट त्याच्या नाकासमोर. त्या गर्दीतून कार्ड निघालं की पुढचा फाऊल आणखी जोरात.

चांगला रेफ्री पंधराव्या मिनिटाला दोन्ही कॅप्टनना बाजूला घेतो, दोन शब्द सुनावतो आणि पुढची तीन कार्डं वाचवतो. इटलीचे नावाजलेले रेफ्री कोलिना, त्यांचे नुसते डोळे पुरायचे. या वाचलेल्या कार्डांना गुण कोण देणार? जे घडलंच नाही ते ना व्हीएआरमध्ये दिसतं, ना पॅनेलसमोर येतं. माझ्या मते आपल्याकडचा दर्जा इथे मार खातो, ऑफसाइडमध्ये नाही.

शिट्टीवाला

बरंचसं सहमत. फक्त एक. कॅप्टन ऐकणाराच नसेल तर दोन शब्द कोणाला सुनावायचे? त्या दिवशी कोणत्याही टीमला मॅच शांत करायची होती असं मला टीव्हीवर तरी दिसलं नाही. सातच्या सात कार्डांचं बिल रेफ्रीच्या नावावर फाडू नका.

मंगळवार_पेठ

लई पुस्तकी चाललंय राव. रेफ्रीला शिव्या द्यायच्या न्हाईत तर मग मॅचला जाऊन काय भजन म्हणायचं? आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची मॅच असू दे नाहीतर प्रॅक्टिस क्लबची, हरलेल्या पेठंला रेफ्रीच चोर वाटतो. दुसऱ्या दिवशी तोच रेफ्री चौकात भेटला की च्या पाजत्यात. एवढं काय मनावर घ्यायचं त्यात?

मडगाव_मिडफिल्ड

पेठवाले दादा, चहावर मिटतं तिथे प्रश्नच नाही. पण सगळीकडे मिटत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तुर्कस्तानात अंकारागुजू क्लबचा अध्यक्षच मैदानात धावत आला आणि त्याने रेफ्री मेलेर यांच्या तोंडावर ठोसा मारला. खाली पडल्यावर त्यांना लाथाही बसल्या. त्याच वर्षी युरोपा लीगच्या फायनलनंतर त्या मॅचचे रेफ्री अँथनी टेलर यांना बुडापेस्टच्या विमानतळावर घरच्यांसमोर लोकांनी घेरलं. आदल्या रात्री हरलेल्या टीमचा कोच मोरिन्होने पार्किंगमध्ये गाठून शिवीगाळ केलेली होतीच. वरून सुरू होतं आणि खाली झिरपतं. प्रेक्षक उगाच नाही पेटत.

आपल्याकडचं बघा. ३ मार्च २०२३, बेंगळुरूत आयएसएलचा प्लेऑफ, जादा वेळ. केरळ ब्लास्टर्सचा गोलकीपर भिंत लावण्यात गुंग, तेवढ्यात बेंगळुरूच्या छेत्रीने फ्री किक मारून गोल केला. ब्लास्टर्सचं म्हणणं, शिट्टीची वाट बघायला हवी होती. नियम म्हणतो, रेफ्रीने खेळ थांबवून धरला नसेल तर फ्री किक लगेच घेता येते. त्यांचा कोच वुकोमानोविचने टीमच मैदानाबाहेर नेली. चार कोटींचा दंड, कोचवर दहा मॅचेसची बंदी.

पुढची गंमत ऐका. हीच बेंगळुरू १८ मार्चला आमच्या फातोर्ड्यात फायनल खेळली, पेनल्टी शूटआउटवर हरली, आणि त्यांच्या मालकांनी ट्विट टाकलं की रेफ्रींचे निर्णय धक्कादायक आहेत, लीगमध्ये व्हीएआर आणा! पंधरा दिवसांपूर्वी रेफ्री एकदम बरोबर होते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आणि छेत्रीच्या वेळी व्हीएआर असता तरी मूळ फ्री किक द्यायला हवी होती की नाही, हे त्याच्या कक्षेत बसतच नाही. व्हीएआर म्हणजे सगळ्या दुखण्यांवर जालीम औषध, ही समजूत आधी सोडा.

लिव्हरपूलवाला_नाना

मारहाणीचं समर्थन इथे कोणीच करत नाहीये, त्यामुळे तो मुद्दा आमच्या अंगावर नको.

मला हवाय तो उजेड. डियासच्या वेळचा ऑडिओ तीन दिवसांनी बाहेर आला, तोही क्लबने मागितल्यावर. पण तो आला म्हणूनच कळलं की कट नव्हता, गोंधळ होता. निम्मे संशय तिथेच मेले. आता मॅचमध्ये रेफ्री माइकवरून निर्णय सांगतात. २०२३ च्या महिला वर्ल्डकपमध्ये झालं, २०२५ च्या जानेवारीत इंग्लिश लीग कपच्या सेमीफायनलमध्येही झालं. आभाळ कोसळलं का? मग शिट्टीवाले, ते तुमचे ८.४ आणि ७.९ पण जाहीर करा. खेळाडूला दर सोमवारी पेपरात दहापैकी तीन मिळतात, तो काय मरतो?

आणि झाकली मूठ ठेवली की काय होतं तेही बघा. तुर्कस्तानच्या फुटबॉल संघटनेने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं की व्यावसायिक लीगच्या ५७१ रेफ्रींपैकी ३७१ जणांची बेटिंगची खाती आहेत. रेफ्रींना मार बसला तोही देश हाच, लक्षात घ्या. लोकांचा विश्वास उगाच उडत नाही.

शिट्टीवाला

खेळाडूला तीन गुण देतो तो पत्रकार. त्याचा साहेब नाही. रेफ्रीचे गुण त्याचं वरिष्ठ मंडळ देतं. सोमवारी ७.९ छापून आलं आणि शनिवारी त्याच माणसाला त्याच क्लबची मॅच दिली, तर पहिल्या मिनिटापासून चाळीस हजार लोक 'सात पॉइंट नऊ' ओरडतील. त्यानंतर तो पेनल्टी देताना चेंडू बघेल की स्टँड? बेटिंगची खाती पकडायला गुण छापायची गरज नाही. तो पोलिसांचा आणि ऑडिटचा विषय आहे, दर्जाचा नाही.

ऑफसाइड_अप्पा

मधला मार्ग सुचवतो. ऑडिओ लगेच बाहेर यावा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. गुण मात्र सीझन संपल्यावर, प्रत्येक रेफ्रीचे सगळे सामने एकत्र धरून. त्यात अंधेरीवाल्यांचा मुद्दाही घ्या: मॅच हातात ठेवण्याला वेगळा रकाना.

लिव्हरपूलवाला_नाना

सीझन संपल्यावर? तोवर तीन मॅनेजर हाकललेले असतात, एक टीम खाली उतरलेली असते. आणि तो वेगळा रकाना भरणार कोण, परत तेच निरीक्षक ना? ऑडिओला हो, बाकीच्याला नाही. मला नाही पटत.