थिन पूलचा मेटाडेटा १०० टक्के भरला, रिपेअर कसे करावे?

मदत हवी आहे. रावेरच्या केळी व्यापाऱ्यांच्या हिशेबाचा सर्व्हर आहे, डेबियन लिनक्सवर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटणारी प्रणाली) थिन पूल, म्हणजे लागेल तशी जागा देणारा सामायिक साठा. डेटाची जागा भरपूर शिल्लक आहे, पण स्नॅपशॉट (त्या-त्या क्षणाच्या प्रती) साचून मेटाडेटा (कोणता डेटा कुठे आहे याची नोंद) भरला आणि पूल रीड-ओन्ली झाला. एलव्हीएक्स्टेंड कमांडने मेटाडेटाची जागा वाढवायला गेलो तर ‘नीड्स चेक’ (आधी तपासणी हवी) सांगून नकार मिळतो. व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एकत्र जोडलेल्या डिस्कांच्या गटात) जागा नव्हती, म्हणून नवी डिस्क जोडली. पूल सध्या बंद ठेवलाय, रिपेअर मुद्दाम चालवलेले नाही. बॅकअप आहे, पण गेल्या आठवड्यातला. मधली बिले जाऊन चालणार नाहीत, शेतकऱ्यांचे पैसे त्यावरच ठरतात.

माझी शंका अशी: स्पेअर मेटाडेटा व्हॉल्यूम (रिपेअर केलेला मेटाडेटा ज्यात लिहिला जातो तो राखीव व्हॉल्यूम) जुन्याच आकाराचा आहे. मग एलव्हीकन्व्हर्ट कमांडचे रिपेअर आधी चालवून नंतर आकार वाढवावा, की मोठा व्हॉल्यूम बनवून थिन रिपेअर या वेगळ्या साधनाने त्यात मेटाडेटा लिहून अदलाबदल करावी?