फुलांच्या दुकानाची नाताळची तयारी कधीपासून सुरू करायची? (पुणे)

फातिमानगरची फुलवाली
नमस्कार मंडळी, आमचं फातिमानगरला छोटंसं फुलांचं दुकान आहे, आत्तापर्यंत हार, गजरे, पूजेची फुलं आणि वाढदिवसाचे बुके एवढंच करत आलोय. पण आजूबाजूला ख्रिश्चन घरं भरपूर आहेत आणि नाताळचं काही ठेवता का असं लोक सारखं विचारतात, म्हणून २०२६ चा नाताळ मनापासून करायचं ठरवलंय. चर्चची पण एक ऑर्डर मिळेल असं दिसतंय. दिवाळी झाली की लगेच लागावं का डिसेंबर उजाडल्यावर पुरे? लाल गुलाब आत्ताच बुक करून टाकू का? फ्रीज एकच आहे, काचेच्या दाराचा. माणसं म्हणाल तर मी, नवरा आणि हार करणाऱ्या मावशी. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

कॅम्पातला बुकेवाला
ताई, माल नंतर, आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. यंदा अधिक ज्येष्ठ आला ना, त्यामुळे मार्गशीर्ष पुढे सरकलाय. २३ डिसेंबरला दत्तजयंती आहे आणि २४ ला मार्गशीर्षातला गुरुवार! म्हणजे तुम्हाला चर्च सजवायचंय त्याच सकाळी निम्मं पुणं मार्केट यार्डात महालक्ष्मीच्या पूजेसाठी शेवंती, गुलछडी, झेंडू घ्यायला उभं असणार, आणि तुमच्या मावशींना पण हार-वेण्यांतून मान वर काढायला वेळ मिळायचा नाही. पांढरी शेवंती आणि गुलछडी चर्चलाही लागते, तिथेच भाव अंगावर येतील. त्यामुळे मी तर म्हणेन यंदा चर्चचं काम कार्नेशन, लिलियम (म्हणजे लिली) आणि जरबेऱ्यावर उभं करा. कार्नेशन २१-२२ ला घेतलं तरी पाणी बदलत राहिलं की आठ-दहा दिवस सहज टिकतं, लाल आणि पांढरं दोन्ही मिळतं आणि भरगच्च दिसतं.

गुलाबाचं म्हणाल तर सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका. मावळातले पॉलिहाऊसवाले डिसेंबरात व्हॅलेंटाइनच्या तोडणीसाठी झाडं तयार करायच्या मागे असतात, हवा तेवढा चांगला माल ऐनवेळी मिळेलच असं नाही. डच गुलाबाच्या थोड्या गड्ड्या (२० ची येते) ओळखीच्या गाळेवाल्याकडे आधी सांगून ठेवा, बास.

नाना पेठेतली
मी चर्चच्या सजावटीत मदत करते म्हणून लिहिते. ताई, तुमचा सीझन डिसेंबरात नाही, नोव्हेंबरातच सुरू होतो. नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, यंदा पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतोय. त्या दिवशी घरोघरी हिरव्या पानांचं गोल चक्र ठेवतात, त्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती, दर रविवारी एक वाढवत जायची, गुलाबी तिसऱ्या रविवारी, म्हणजे १३ डिसेंबरला. काही जण मधोमध पांढरी पण लावतात, ती नाताळची. ही चक्रं तुम्ही निवांत आधी करून विकू शकता, फुलं जवळजवळ लागतच नाहीत, मोरपंखी आणि अरोकेरियाची (कुंडीत ख्रिसमस ट्री म्हणून ठेवतात ते झाड) पानं चालतात. सुरूच्या फांद्या स्वस्त पडतात पण लवकर वाळून गळतात आणि शेजारी पेटती मेणबत्ती असते, तेव्हा पानं वातीपासून लांब बांधा आणि मधेच बदलून द्यायची सोय ठेवा. गिऱ्हाईक त्यासाठी परत येतं आणि तेव्हाच नाताळची ऑर्डर देऊन जातं!

आमच्या कॅथलिक चर्चमध्ये आगमनकाळात वेदीवर फुलं मुद्दाम बेताची ठेवतात. खरी सजावट २४ लाच, रात्रीच्या मिस्सेच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) आधी. त्यामुळे आदल्या आठवड्यात जाऊन वेदी, गव्हाणी (येशूजन्माचा देखावा), बाकं सगळं मोजून घ्या आणि रंग फादरना विचारून ठरवा, पांढरा आणि सोनेरी बहुतेक ठिकाणी आवडतो. लिली वापरणार असाल तर परागाच्या काड्या आधी खुडा, वेदीच्या पांढऱ्या कापडावर डाग पडला तर जात नाही.

सोरतापवाडी नर्सरी
कुंड्या पण ठेवा की, पॉइन्सेटियाला (नाताळात कुंडीत ठेवतात ते लाल झाड) मरण नाही. फक्त घेताना पूर्ण लाल झालेलाच घ्या. ती लाल दिसतात ती फुलं नाहीत, पानंच आहेत, आणि रंग यायला रोज १४ तासांचा मिट्ट अंधार साधारण दोन महिने लागतो, रस्त्यावरच्या दिव्याखाली ठेवलेलं हिरवट झाड नाताळापर्यंत लाल व्हायचं नाही. रात्री दुकानात आत घ्या, पुण्यात डिसेंबरात पारा १० च्या आसपास जातो तो त्याला सोसत नाही. कुंडीला चमकी कागद गुंडाळलात तर खाली भोक पाडा, पाणी साचलं की मुळं कुजतात. छाटताना हातमोजे घाला, चीक त्रास देतो.

फातिमानगरची फुलवाली
किती छान सांगितलंत सगळ्यांनी, कॅलेंडरचं तर डोक्यातच आलं नव्हतं. आता फ्रीजचं आणि फुलं टोचायच्या स्पंजचं पण सांगा ना कुणीतरी.

कॅम्पातला बुकेवाला
फ्रीज गुलाब आणि कार्नेशनला ठेवा, ४-५ अंशांवर. ऑर्किड, अँथुरियम त्यात अजिबात नको, थंडीनं काळे पडतात. घरची केळी-सफरचंदं पण त्यात ठेवू नका, पिकणाऱ्या फळांच्या गॅसनं कार्नेशन मिटतं. जरबेरा बादलीत चार बोटं पाण्यातच उभा करा, जास्त पाण्यात दांडा सडतो. लिलियम कळीत येतं, ते २१ ला आणून बाहेरच ठेवा म्हणजे २४ ला उमलेल.

स्पंज पाण्यावर सोडून द्या, आपोआप बुडू दे. हातानं दाबून बुडवला तर आत हवा अडकते आणि तिथं टोचलेलं फूल दुपारपर्यंत मान टाकतं. २३ ला रात्री पानांचा बेस करून ठेवा आणि २४ ला पहाटे फक्त फुलं टोचा. आणि कॅम्पातली कुठलीही डिलिव्हरी दुपारी चारच्या आत उरका, संध्याकाळी एमजी रोडला गर्दीमुळे गाड्या बंद करतात, टेम्पो आत जायचा नाही. मावशींना त्या दिवशी हारांवरच राहू द्या, चर्चसाठी ओळखीतली दोन मुलं आत्ताच सांगून ठेवा.