कद्दीश मराठीत म्हटला तर कुठं बिघडलं?

खाडीकाठचा (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आजोबांचं वर्ष झालं. आम्ही बेने इस्राएल ज्यू, मूळचे कोकणातले. ज्यांना गावाकडे शनवार तेली म्हणायचे ते. कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, म्हणायचा तर दहा पुरुषांचा मिनयान (जमाव) हवा. घरचे आठ होते, नववे वरच्या मजल्यावरचे काका, आणि दहावा म्हणून मामेभावाला अर्धी रजा टाकायला लावून कल्याणहून बोलावला. त्याच्यासाठी पाऊण तास सगळे ताटकळले. मग टोप्या घातल्या, जेरुसलेमच्या दिशेनं, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला, तोंड करून उभे राहिलो, आणि काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतलं देवनागरी कार्ड काढलं: 'यितगद्दल वेयितकद्दश शेमे रब्बा...'

काकांचा चष्मा घरी राहिला होता. मधली एक ओळ ते दोनदा वाचून गेले. आम्ही नवाच्या नऊ जणांनी दोन्ही वेळा 'आमेन' म्हटलं. हे माझ्याही नंतर लक्षात आलं, घरी येऊन कार्ड पुन्हा पाहिलं तेव्हा.

नंतर पोहे खाताना आत्यानं विचारलं, "ह्यात दादांचं नाव कुठं आलं?" आलंच नाही. कद्दीशमध्ये मेलेल्याचं नाव नसतं, मरणाचा उल्लेखसुद्धा नसतो. सगळी देवाची स्तुती आणि त्याचं राज्य लवकर येवो ही मागणी. आत्या गेली चाळीस वर्षं घरातल्या प्रत्येक मौतीला हे ऐकत आली आहे.

माझं म्हणणं एवढंच: हा मराठीत म्हणावा. शास्त्राची आडकाठी नाही. मिशना या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहाच्या 'सोता' भागात, सातव्या अध्यायात, कोणत्याही भाषेत म्हणता येणाऱ्या गोष्टींची यादीच आहे. त्यात शमा (देव एकच, अशी ग्वाही देणारी प्रार्थना) आहे, उभ्यानं म्हणायची मुख्य प्रार्थना आहे, जेवणानंतरचा आशीर्वाद आहे. कोहेनांचा (पुरोहितांचा) आशीर्वाद वगैरे फक्त हिब्रूत, तेही तिथंच स्पष्ट लिहिलंय. आणि गंमत म्हणजे कद्दीश बहुतेक सगळा अरामीत आहे, हिब्रूत नाही! त्या काळी बाजारात, घरात लोक अरामी बोलत, त्यांना कळावं म्हणून. मग आमच्या बाजारात आणि घरात जी भाषा आहे तिनं काय घोडं मारलंय?

पोथीचा_किडा

यादी बरोबर आहे, पण तुम्ही यादीशी थांबलात. शुल्हान आरूख या धर्मनियमांच्या ग्रंथात (ओराह हाईम, १०१) पुढचं आहे: कोणत्याही भाषेत, ते समाजाबरोबर असताना. एकट्यानं असेल तर हिब्रूतच. त्याच्या मुळाशी तालमुदातलं (मिशनावरच्या चर्चांच्या ग्रंथातलं) रब्बी, म्हणजे धर्मगुरू, योहानान यांचं मत आहे की अरामीत मागणं मागणाऱ्याकडे देवदूत लक्ष देत नाहीत, त्यांना ती भाषा येत नाही. समाज जमला की मध्यस्थ देवदूत लागत नाहीत, म्हणून तिथं सूट. (एकट्यानंही ठरलेल्या प्रार्थना चालतात असं दुसरं मत तिथंच दिलंय, हे मान्य.)

आणि सूट म्हणजे रिवाज नव्हे. १८१८ साली हॅम्बुर्गला सुधारक ज्यूंच्या नव्या मंदिरात जर्मन प्रार्थना सुरू झाल्या तेव्हा हातम सोफेर या कर्मठ रब्बींनी नेमकं हेच सांगितलं: अडलेल्या माणसाला एखाद्या वेळी परवानगी आहे, पण परभाषेत कायमची प्रार्थना बसवायची आणि हिब्रू विसरायची ही परवानगी कुणी दिलेली नाही. १८४५ च्या सुधारक रब्बींच्या फ्रँकफुर्ट परिषदेत 'हिब्रू शास्त्रानं आवश्यक आहे का' हा वाद इतका पेटला की रब्बी झकारियास फ्रँकेल बाहेर पडले. ते काही कर्मठ नव्हते. त्यांनाही कळलं की भाषा सुटली की दोरी सुटते.

तुमच्या काकांना चष्मा द्या. भाषा बदलायचं कारण मला दिसत नाही.

चिंचगूळ

विषय माझा नाही, पण संस्कृत-प्राकृताचा वाद आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वीच निकालात निघाला ना? मराठीत आणा आणि मोकळे व्हा.

नेगेवकर

चिंचगूळ, निकालात निघाला असता तर तुमच्याकडच्या सत्यनारायणाला आजही भटजी संस्कृतात संकल्प सोडतात तो का? असो.

मी पन्नास वर्षं इस्राएलमध्ये आहे. बीअरशेबाला आलो तेव्हा मला हिब्रू बोलता येत नव्हती, कामावर हातवारे करायचो. पण शनिवारी मोरोक्कन लोकांच्या सिनेगॉगमध्ये जाऊन उभा राहिलो आणि पहिल्या शब्दापासून बरोबर म्हणत गेलो. चाल वेगळी, उच्चार वेगळे, पण शब्द तेच. शेजारच्या म्हाताऱ्यानं पुस्तकात पान दाखवायला बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. ते मागं घेतलेलं बोट मी विसरणार नाही.

कारण त्याच्या थोडं आधीच आमच्या लोकांचं ज्यूपण तपासायला निघाले होते. लग्नासाठी आधीच्या पिढ्यांची चौकशी करा, असा मुख्य रब्बींच्या कार्यालयाचा आदेश होता. १९६४ मध्ये जेरुसलेमला आमची माणसं धरणं धरून बसली, तेव्हा क्नेसेटनं (इस्राएलच्या संसदेनं) ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थानं ज्यू आहेत. त्या वेळी आमच्या प्रार्थना मराठीत असत्या तर काय झालं असतं, याचा विचार करा. घरी आम्ही मराठीच बोलतो, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही इथून निघत आलंय. पण सिनेगॉगमध्ये मराठी नको.

खाडीकाठचा

नेगेवकर काका, बोटाचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. पण दुसऱ्यांना पटावं म्हणून आपण न कळणाऱ्या भाषेत देवाशी बोलायचं, हे उलटं नाही का? ते प्रमाणपत्र झालं.

पोथीवाल्यांसाठी: शमाबद्दलचा तालमुदातला वाद आठवा. रब्बी (येहुदा हनासी) म्हणतात, जसा लिहिलाय तसाच, म्हणजे हिब्रूत. बाकीचे पंडित म्हणतात, 'शमा' म्हणजे 'ऐक'. तुझ्या कानाला जी भाषा कळते तीत. निर्णय पंडितांच्या बाजूनं लागला. आणि 'सेफेर हसीदीम' हा मध्ययुगीन ग्रंथ तर सरळ सांगतो की ज्याला हिब्रू कळत नाही त्यानं कळणाऱ्या भाषेत म्हणावं, कारण प्रार्थना मनातून यायची असते.

पेणची_मी

तुमचं मिनयान, तुमचे पंडित, सगळं दहा पुरुषांतच चाललंय. आम्ही बायका आतल्या खोलीत मलिद्याच्या विधीचे पोहे भिजवतो, खोबरं खवतो, ताटात केळी-खजूर मांडतो, आणि एलियाहू हन्नाबीचं (संदेष्टा एलियाहूचं) नाव आलं की बाहेर येतो. मला हिब्रूतली एकेका फळाची बराखा (आशीर्वादाचे शब्द) पाठ आहे, लहानपणी आजीनं मराठीतून समजावून दिली म्हणून: हे झाडाचं, हे जमिनीचं. फळ हातात धरलेलं असायचं, त्यामुळे अर्थ विसरायची सोयच नव्हती. आणि तिच्या तोंडी सण कोणते? योम किप्पुर म्हणजे दारफाळणीचा सण, रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. हिब्रू नावं मी मोठेपणी पुस्तकात वाचली. तिच्यापुढं कुणी ज्यूपणाची शंका काढायची हिंमत केली असती का, सांगा!

वल्हांडणाची हागादा (सणाच्या रात्री वाचायची कथा) तर १८४६ लाच मुंबईत मराठीसकट छापली होती. हिब्रूही आणि मराठीही. भांडण कशाला?

पोथीचा_किडा

हागादा घरात जेवणाच्या टेबलावर मुलांना सांगायची असते, तिथं मराठी हवीच. तिचं उदाहरण कद्दीशला लागत नाही.

आणि भाषांतराची खरी अडचण कुणी बोललंच नाही. मिशना ब्रूरा (शुल्हान आरूखवरचं भाष्य) म्हणते की आज शमा परभाषेत म्हणू नये, कारण काही शब्दांचं नेमकं भाषांतर आपल्याला येतच नाही. 'तोताफोत' घ्या. डोळ्यांच्या मध्ये बांधायचं ते. 'कपाळपट्टी' म्हणाल? मग तेफिलीनची, प्रार्थनेला कपाळावर बांधतात ती, पेटी गेली. 'पेटी' म्हणाल? मग शब्दच दुसरा झाला.

खाडीकाठचा

तोताफोत हिब्रूत तरी किती जणांना कळतो? पण कद्दीशमध्ये तोताफोत नाहीत. आत्यासाठी सुरुवात करून पाहिली:

'त्याचं महान नाव मोठं केलं जावो आणि पवित्र केलं जावो, त्यानं आपल्या इच्छेनं घडवलेल्या जगात.'

पोथीचा_किडा

'केलं जावो' चूक आहे. कर्मणी नाही ते. 'मोठं होवो, पवित्र होवो.' माणसं त्याला मोठं करत नाहीत. आणि 'त्याचं महान नाव' वाक्याच्या शेवटी घ्या, मुळात क्रियापदं आधी आहेत.

नेगेवकर

'जगात' नंतर आमेन येतो का, ते कार्डावर बघून लिही. आमच्याकडे 'रब्बा' नंतर लगेच म्हणतात.

पेणची_मी

कार्ड छापशील तर अक्षर मोठं ठेव. काकांचा चष्मा परत घरी राहील.