यादीतून नाव काढायचं कोणी?

ऑब्झर्व्हर पॅटर्न ही कोड लिहायची एक पद्धत: ‘सब्जेक्ट’मध्ये काही बदललं की तो आपल्या यादीतल्या ‘ऑब्झर्व्हर’ना, म्हणजेच लिसनरना, कळवतो. त्याबद्दलचं ‘सब्जेक्टला ऑब्झर्व्हर कोण ते माहीत नसतं, म्हणून दोघं एकमेकांपासून पूर्ण मोकळे’ हे म्हणणं अर्धंच खरं आहे, भाऊ. क्लास माहीत नसतो, फक्त इंटरफेस (कोणती मेथड बोलवायची एवढा करार) माहीत असतो, इथवर ठीक. पण प्रत्येक ऑब्झर्व्हरचा रेफरन्स (त्याला धरून ठेवणारा दुवा) सब्जेक्टच्या यादीत असतो, आणि सब्जेक्ट जिवंत आहे तोवर जावाचा गार्बेज कलेक्टर (नको झालेले ऑब्जेक्ट मेमरीतून काढणारा) त्याला हात लावत नाही. नागपूरच्या कळमना बाजारातले संत्र्याचे भाव दाखवणारं एक डेस्कटॉप ॲप आमच्या टीमकडे दुरुस्तीला आलं होतं. सकाळी झकास चालायचं, दुपारपर्यंत नुसतं रांगायचं. हीप डंप (मेमरीत काय काय आहे त्याची नोंद) काढला तर एकाच स्क्रीनच्या ढीगभर प्रती, कधीच्याच बंद केलेल्या. एक भाव बदलला की सगळ्या इमानेइतबारे स्वतःला पुन्हा रंगवत बसायच्या! स्क्रीन उघडताना लिसनर जोडला जात होता, बंद करताना काढायचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

यावर ‘वीक रेफरन्स (गार्बेज कलेक्टरला न अडवणारा दुवा) वापरा’ असं कोणी तरी सांगेलच. जपून. लिसनर म्हणून लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) थेट तिथंच लिहून दिला आणि दुसरीकडे कुठंच धरून ठेवला नाही, तर तोच आधी गायब होऊ शकतो आणि सूचना येणं गुपचूप बंद पडतं. त्यापेक्षा स्क्रीन बंद होते तिथंच लिसनर काढणं बरं. आणि नवीन कोडमध्ये जावाचा जुना ऑब्झर्व्हेबल क्लास नकोच, जावा ९ पासून तो डेप्रिकेटेड (वापरू नका असा शिक्का मारलेला) आहे.