मदत हवी आहे : मुंबईच्या उकाड्यात घरची जिंजर बिअर

नमस्कार मंडळी. जिंजर बिअर, म्हणजे आल्याचं आंबवलेलं फसफसणारं पेय, करायला घेतली आहे. सालीसकट किसलेलं आलं, पाणी आणि रोज थोडी साखर असं विरजण लावलंय. सालीवरचं यीस्ट मस्त जागं झालंय, बुडबुडे येतायत. पण दादरच्या आमच्या स्वयंपाकघरात दुपारी 32 अंश असतात आणि बऱ्याच कृती 20-22 अंश धरून लिहिलेल्या. मग या विरजणाने केलेली बिअर बाटलीत भरल्यावर फ्रीजबाहेर किती वेळ ठेवायची? साखर असेपर्यंत यीस्ट गॅस करत राहणार, काचेची बाटली फुटू शकते, आणि घरात लहान मुलं आहेत! सोबत एक प्लास्टिकची बाटली भरायची, ती दाबून कडक लागली की सगळ्या फ्रीजमध्ये, एवढी खबरदारी पुरे का? इथे मुंबईत नेहमी करणाऱ्यांनी कृपया सांगा.