प्रतिसाद : ८.१ आम्ल नाहीच, पण मुद्दा तो नाही

वर विचारलंय, की समुद्राचा सामू (pH; ७च्या खाली आम्ल, वर आम्लारी म्हणजे अल्कली) ८.१ आहे, म्हणजे पाणी आम्लारीच, मग ‘आम्लीकरण’ कसलं? बरोबर, समुद्र काही लिंबू सरबत होणार नाही. आम्लीकरण म्हणजे आम्लाच्या दिशेने सरकणं. औद्योगिक क्रांतीआधी तो साधारण ८.२ होता. फरक ०.१चा, पण ही मोजपट्टी लॉगरिदमची (एक अंक खाली म्हणजे दहापट आम्लता) असल्याने आम्लता ठरवणारे हायड्रोजन आयन सव्वापट झाले.

घरी बघायचं असेल तर मंडईतून जांभळा कोबी आणा. चिरून गरम पाण्यात ठेवा, गाळा, चिमूटभर खायचा सोडा घाला. पाणी निळं होईल. आता त्यात गार साधा सोडा ओता. निळं परत जांभळ्याकडे झुकतं. बाटलीतल्या कार्बन डायऑक्साइडचं पाण्यात कार्बोनिक आम्ल होतं, त्याचीच ही करामत. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळला की तिथेही हेच होतं.

पण खरी गोम सामूत नाही, कार्बोनेटमध्ये आहे. या आम्लातून सुटे झालेले हायड्रोजन आयन समुद्रातल्या कार्बोनेटला चिकटतात आणि त्याचं बायकार्बोनेट होतं. शिंपले, प्रवाळ यांना कवच बांधायला कॅल्शियमबरोबर हवं असतं ते नेमकं कार्बोनेटच. कॅल्शियम मुबलक, जोडीदार गायब!

‘हे सगळं २१०० सालचं’ म्हणणाऱ्यांसाठी : अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कालवांची पिल्लं २००७च्या सुमारासच हॅचरीत (पिल्लं वाढवायच्या केंद्रात) पटापट मरू लागली होती. आम्लता कमी करायला तिथले लोक टाक्यांमधल्या समुद्राच्या पाण्यात चक्क धुण्याचा सोडा मिसळू लागले.