हात सैल सोडल्याशिवाय गिटारवर वेग येत नाही, हे माझं ठाम मत. पटत नसेल तर सांगा

तारांचा_नाद (विश्रामबाग, सांगली)

आपल्याकडं गिटार शिकणाऱ्या पोरांचा रियाज बघितला की जीव तुटतो. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर लावायचा, रोज पाच-पाच ठोके वाढवायचे आणि शंभरच्या पुढं गेलं की दातओठ खाऊन वाजवायचं. खांदा वर चढलेला, श्वास अडकलेला, अंगठा गिटारच्या मानेत मागून रुतलेला. मी स्वतः सात वर्षं असंच वाजवलं. एका ठोक्यात चार स्वर ११०च्या वर कधी स्वच्छ निघाले नाहीत. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत ठणका मात्र लागला.

बोटं वाकवणारे आणि उचलणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराच्या खाली असतात आणि तिथून कंडरा दोरीसारख्या बोटांपर्यंत येतात. वाकवणारे आणि उचलणारे दोन्ही एकदम आवळले, तर बोट हलणार कसं? आत्ता बसल्या जागी हात कोपरापर्यंत ताठ करा आणि मधल्या बोटानं टेबलावर भराभर टकटक करून बघा. मग हात ढिला सोडून तेच करा. फरक लगेच कळेल.

मला वाट सापडली ती एका छोट्या प्रयोगातून. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) तर्जनी नुसती टेकवायची आणि तार छेडायची. 'टक' असा मुका आवाज येतो. मग भार अगदी थोडा थोडा वाढवायचा. आधी तार झरझरते, मग एका क्षणी स्वर मोकळा होतो. तिथंच थांबायचं. बोट फ्रेटच्या अगदी लगत असेल तर हा भार इतका कमी लागतो की पहिल्यांदा माझा विश्वासच बसला नाही. त्याच अवस्थेत अंगठा मागून काढून घेतला, तरी स्वर टिकला. सात वर्षं मी तो अंगठा कशासाठी दाबत होतो?

तेव्हापासून माझा नियम एकच. ठोका वाढवायचा तो हात ढिला राहतोय तोवरच. आवळला की मागं यायचं.

कृष्णाकाठ_लीड

दादा, आदर आहे, पण हे मला मान्य नाही. रियाज आणि आराम एका जागी नांदत नाहीत. तबलजी चाळीस दिवसांचा चिल्ला, म्हणजे अखंड रियाज, करतात तो आरामात करतात का? मी बारावीनंतर रोज चार तास बसलो, बोटांची सालं निघाली, तेव्हा १२०ला चौगुन (एका ठोक्यात चार स्वर) हातात बसली. १२० म्हणजे सेकंदाला आठ स्वर. साठला सेकंदाला चारच होतात. चारची सवय असलेल्या हाताला आठ आपोआप कसे येतील?

शिवाय एक तांत्रिक मुद्दा. सावकाश वाजवताना एक बोट टेकलं की मग दुसरं निघतं. जलद वाजवताना पहिलं टेकायच्या आतच दुसरं निघालेलं असावं लागतं. ही हालचालच वेगळी आहे. जन्मभर सावकाश वाजवणाऱ्याला ती कळणारच नाही.

तारांचा_नाद

दुसरा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, आणि तो माझ्या लिहिण्यात यायला हवा होता. पण सैल म्हणजे सावकाश असं मी म्हटलेलं नाही. मी जलदच वाजवतो, फक्त तुकड्यानं. पाच स्वर पूर्ण वेगात, मग थांबायचं. खांदा कुठं आहे, जबडा आवळलाय का, बघायचं. हात खाली सोडून झटकायचा, पुन्हा पाच. पाच जमले की सात. अख्खी ओळ एका दमात ओढायची नाही.

चिल्ल्याबद्दल म्हणाल, तर चांगल्या तबलजीचं मनगट बघा. द्रुत लयीत ते किती मऊ असतं! तास मोजायचे तर मोजा, पण त्या तासांत हात काय शिकतोय तेही बघा. आवळून घोटलं की आवळणंच पाठ होतं.

मिरजेची_सून

मी सतार शिकते, गिटार नाही. पण आमच्या गल्लीत तंतुवाद्यांची कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या चालते, म्हणून बोलते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच हातांची ही गल्ली. इथले जुने कारागीर नव्या मुलाची सतार हातात घेतली की आधी तारेची उंची बघतात आणि घोडीची जवारी, म्हणजे तारा टेकतात तो घासलेला माथा, बघतात. वाद्यच अडत असेल तर हाताला दोष देत नाहीत. तुम्ही दोघं हातावर भांडताय, गिटारकडं कुणी बघितलं का?

तारांचा_नाद

ताई, लाखमोलाचं बोललात. स्वस्त गिटारमध्ये बाराव्या फ्रेटपाशी तार चार-चार मिलिमीटर वर असते. ती दोन-अडीचवर आणून घेतली की निम्मं काम होतं. नवशिक्यांनी बाराच्या (सगळ्यांत पातळ तार ०.०१२ इंच) जाड संचाऐवजी दहाच्या (०.०१० इंच) पातळ तारा लावाव्यात, त्यात कमीपणा नाही.

ऑर्केस्ट्रा_इस्लामपूर

घरात पंख्याखाली बसून सगळ्यांचेच हात सैल असतात. गणपतीत स्टेजवर तीन तास उभं राहायचं, घाम, मॉनिटरमध्ये (वादकाकडं तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) स्वतःचा आवाज येत नाही, गायक ऐनवेळी पट्टी बदलतो. तिथं हात आवळणारच. मग आवळलेल्या हातानंही वाजवायची सवय नको का? मी कृष्णाकाठ यांच्या बाजूनं.

तारांचा_नाद

उभं राहून, पट्टा लावून रियाज करा, हे मी नक्की म्हणेन. बसून गिटार मांडीवर असते, उभं राहिलं की खाली लोंबते आणि मनगट मुरडतं. पट्टा आखूड करून ती बसल्यावर असते त्याच उंचीला आणा. पण ताणात वाजवायची वेगळी सवय लावावी, हे नाही पटत. स्टेजवर ताण न बोलावता येतोच. घरी त्याचा रियाज कशाला?

फिजिओ_मिरज

एवढंच सांगते. दमलेला हात आणि दुखणारा हात यांत फरक आहे. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, तर 'अजून पाच ठोके' म्हणू नका, दाखवून घ्या. पियानोवादक रॉबर्ट शुमान यांचा उजवा हात ऐन उमेदीत निकामी झाला आणि वादक म्हणून त्यांची वाट तिथंच बंद झाली. कारणांवर आजही वाद आहे, पण हात काही परत आला नाही.

कृष्णाकाठ_लीड

जेवण झाल्यावर तो मुक्या आवाजाचा प्रयोग करून बघितला. पहिली तीन बोटं ठीक आहेत. करंगळी टेकवली की मात्र अंगठा आपोआप दाबला जातोय. सोडवला तर स्वर झरझरतो. हे मला आजवर जाणवलं नव्हतं. बाकी माझं मत तेच आहे. उद्या पहाटे पुन्हा १२०ला बसणार.

तारांचा_नाद

बसा. फक्त सुरुवातीची दहा मिनिटं करंगळीला द्या. कोपर अंगापासून थोडं पुढं घ्या, म्हणजे करंगळी तारेवर वरून येईल, आडवी पडणार नाही. मग अंगठा सोडून बघा आणि इथं लिहा.